अवरक्त लेसरची काच: मूलद्रव्याआधी काच निवडा

प्रश्न थोडक्यात असा: "मी रत्नागिरीत भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्य घातलेली काच बनवून अवरक्त लेसरच्या दृष्टीने तिचा अभ्यास करायचा आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत रेअर अर्थ असतात असं ऐकते, आणि कासार्ड्याला सिलिका वाळू आहे. मग इथल्याच मालातून ही काच होईल का? सरांनी बोरेट (बोरॉन ऑक्साइडची) काच आणि निओडिमियम सुचवलंय, एक सीनियर म्हणतो अर्बियम घे. काय निवडू?"

माझी सगळी नोकरी काचेच्या भट्टीपाशी गेली. आता देवगडला असतो आणि कणकवली-रत्नागिरीकडची मुलं नमुने घेऊन येतात, त्यामुळे तुमच्यासारखे प्रश्न नेहमी समोर येतात. जरा सविस्तर सांगतो.

वाळूचं आधी उरकू. काळबादेवी, नेवरे, मालगुंड, पूर्णगड या पट्ट्यातली काळी वाळू म्हणजे मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट. दख्खनच्या बेसॉल्टमधून ती सुटली, नद्यांनी खाली आणली आणि लाटांनी हलकी वाळू धुऊन नेल्यावर मागे राहिली. इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड आहे, त्यात तुम्हाला हवं ते काही नाही. रेअर अर्थ ज्या खनिजात मिळतात ते मोनाझाइट ग्रॅनाइट आणि नाइससारख्या खडकांतून येतं. म्हणून केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर ते भरपूर आहे, रत्नागिरीच्या वाळूत नगण्य. शिवाय मोनाझाइटमध्ये थोरियम असतं आणि ते अणुऊर्जा खात्याच्या नियंत्रणाखाली येतं, कॉलेजात हात लावायचा पदार्थ तो नव्हे. बरं, हाती लागलं तरी त्यातल्या रेअर अर्थांपैकी साधारण निम्मं सेरियम, बाकी लँथॅनम आणि निओडिमियम. अर्बियम, थुलियम, इटर्बियम ही जड मूलद्रव्यं त्यात जेमतेमच. ती प्रामुख्याने दक्षिण चीन आणि म्यानमारमधल्या चिकणमातीतून येतात.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. तुम्हाला रेअर अर्थ लागणार किती? २० ग्रॅम काचेच्या बॅचला अर्बियम ऑक्साइड पाव ग्रॅमच्या आसपास. तेवढं ९९.९९ टक्के शुद्धतेचं विकत मिळतं. या कामात अडचण कच्च्या मालाच्या प्रमाणाची नसतेच, त्याच्या शुद्धतेची असते. कासार्ड्याच्या वाळूचंही तेच. ओतकामाच्या साच्यांना आणि बाटल्यांच्या काचेला ती उपयोगी आहे, पण तिच्यासोबत लोह येतं. घरातल्या खिडकीची साधी काच काढून कडेच्या बाजूने आत पाहा. समोरून रंगहीन वाटणारी काच कडेने हिरवी दिसते, तो हिरवा रंग लोहाचा. फेरस (द्विसंयुजी) लोहाचं प्रकाशशोषण नेमकं १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास पसरलेलं असतं, म्हणजे निओडिमियम आणि इटर्बियम जिथे प्रकाश देतात तिथेच. लेसरच्या काचेत लोह दहा लाखांत मोजके भागच चालतं, आणि शेकडो मीटर लांबीच्या फायबरमध्ये अब्जात काही भाग. म्हणूनच लेसरचं सिलिका फायबर वाळूपासून बनवतच नाहीत. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हा द्रव ५८ अंशांच्या आसपास उकळतो, लोहाचं क्लोराइड ३०० अंशांच्या वर. त्यामुळे वाफ करून घेतली की लोह खालीच राहतं. ती वाफ ऑक्सिजनबरोबर तापलेल्या सिलिकाच्या नळीत जाळतात, आत पांढरी काजळी धरते, ती अर्बियम आणि ॲल्युमिनियमच्या क्लोराइडच्या द्रावणात भिजवतात, क्लोरीनने पाणी काढतात आणि मग नळी तापवून भरीव कांडी करतात. १९८७ पासून जगभर ही पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत असं फायबर होतं. कॉलेजात ते जमण्यासारखं नाही, आणि त्याची गरजही नाही.

आता निवड. तुमचे सर आणि सीनियर दोघंही मूलद्रव्यापासून सुरुवात करतायत. मी काचेपासून करतो.

कारण असं. रेअर अर्थ आयनाची ४एफ कक्षा बाहेरच्या ५एस आणि ५पी कक्षांनी झाकलेली असते, म्हणून तो कुठल्याही काचेत घाला, त्याच्या ऊर्जापातळ्या जवळपास तिथेच राहतात. निओडिमियम १.०६ मायक्रॉनवर, इटर्बियम १.०३ ते १.०८ वर, अर्बियम १.५३ ते १.५६ वर, थुलियम १.९ ते २ च्या पट्ट्यात. तरंगलांबी आयन ठरवतो. पण वरच्या पातळीवर चढलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येणार की उष्णता होऊन काचेतच जिरणार, ते काच ठरवते. काचेच्या अणूंची कंपनं, म्हणजे फोनॉन, ती ऊर्जा चोरतात. फोनॉन मोठा असेल तर पातळ्यांमधली दरी दोन-तीन टप्प्यांत ओलांडली जाते, लहान असेल तर सहा-सात टप्पे एकाच वेळी जुळून यावे लागतात. लांब टांगांचा माणूस पावसाळ्यातला व्हाळ तीन ढांगांत पार करतो, लहान मुलाला तो जमत नाही आणि ते अलीकडेच थांबतं, तसंच हे. प्रत्येक वाढत्या टप्प्यामागे चोरीची शक्यता कितीतरी पटींनी घटते. ढोबळ हिशेब असा धरा: पाचपेक्षा कमी टप्प्यांत दरी ओलांडता येत असेल तर त्या काचेत तो लेसर विसरा.

आकडे लक्षात ठेवा. सर्वांत मोठ्या फोनॉनची ऊर्जा बोरेट काचेत सुमारे १४०० प्रति सेंटिमीटर (वर्णपटात ऊर्जा मोजायचं हे एकक), फॉस्फेटमध्ये १२००, सिलिकात ११००, जर्मेनेटमध्ये ९००, टेल्युराइटमध्ये (टेल्युरियम ऑक्साइडच्या काचेत) ७५०, झिर्कोनियम फ्लोराइडच्या काचेत ५८० च्या आसपास आणि चाल्कोजेनाइडमध्ये (ऑक्सिजनऐवजी गंधक किंवा सेलेनियम असलेल्या काचेत) ३५०. आता निओडिमियमच्या लेसर पातळीखालची दरी सुमारे ५५०० आहे. बोरेटमध्ये चार फोनॉन पुरतात. त्यामुळे ज्या पातळीचं आयुष्य चांगल्या फॉस्फेट काचेत ३०० मायक्रोसेकंदांहून जास्त मिळतं, ते बोरेटमध्ये ५० च्या आसपास घसरतं. ज्या काचेत पंप केलेली (बाहेरून प्रकाश टाकून भरलेली) बहुतेक ऊर्जा उष्णता होते, तिला लेसरची काच म्हणणं मला पटत नाही.

हे जरा स्पष्टच लिहितोय, कारण बोरेट काच वितळायला सोपी म्हणून आपल्याकडच्या असंख्य प्रकल्पांत तीच घेतात. शोषणाचा वर्णपट काढतात, जड आणि ओफेल्ट या शास्त्रज्ञांचं १९६२ चं गणित करतात आणि शेवटी 'ही काच लेसरसाठी योग्य' असं लिहून मोकळे होतात. जड-ओफेल्टच्या गणितातून फक्त प्रकाश देऊन क्षय होण्याचं आयुष्य मिळतं. फोनॉन आणि पाणी किती चोरतात ते त्यात येतच नाही. मोजलेलं आयुष्य भागिले गणितातलं आयुष्य, हे गुणोत्तर म्हणजे काचेची खरी कार्यक्षमता. ते मोजायचं नसेल तर प्रकल्पाच्या नावात लेसर हा शब्द घालू नका. सरांना हे आदराने, पण जरूर सांगा.

पाण्याचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण कोकणात तोच सगळ्यांत मोठा शत्रू. काचेत हायड्रॉक्सिल गट अडकून राहतात आणि त्यांचं कंपन ३००० ते ३५०० प्रति सेंटिमीटर इतकं मोठं असतं. अर्बियमची १.५ मायक्रॉनची दरी ६५०० ची. सिलिका किंवा फॉस्फेट काचेच्या स्वतःच्या फोनॉनला ती ओलांडायला सहा टप्पे लागतात, पाण्याला दोन. त्यातून अर्बियमचे आयन एकमेकांना ऊर्जा देत जातात, त्यामुळे हायड्रॉक्सिलशेजारी नसलेल्या आयनाची ऊर्जाही फिरत फिरत तिथे पोचते आणि संपते. फॉस्फेट काचेचं मुख्य द्रव्य, फॉस्फरस पेंटॉक्साइड, हवेतला ओलावा अधाशासारखं खेचतं. जुलैत आपल्याकडे ते उघड्यावर वजन करणं म्हणजे बॅच वाया घालवणं. पर्याय म्हणून ॲल्युमिनियम किंवा बेरियमचं मेटाफॉस्फेट घ्या, ते शहाण्यासारखं वागतं. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा छान पॉलिश केलेला फॉस्फेटचा तुकडा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आला. भिंगाखाली धरला तर पृष्ठभागावर दुधाळ साय आलेली, बोट लावलं तर किंचित चिकट. काच आतून ठीक होती, पण वर्णपटात मधेच आलेला कुबड तिचा नसून त्या सायीचा होता. अशा काचेला शेवटचं पॉलिश पाण्याऐवजी इथिलीन ग्लायकॉलमध्ये द्यावं, लगेच पुसावं आणि सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये (कोरड्या बंद भांड्यात) ठेवावं. (पॉलिशची ती गुलाबीसर पांढरी पूडही सेरियम ऑक्साइडच असते, म्हणजे रेअर अर्थच.)

मग घ्यावं काय? तुमच्या परिस्थितीत मी टेल्युराइट काच आणि अर्बियम घेईन. टेल्युरियम, झिंक आणि सोडियमचं ऑक्साइड ७५, २० आणि ५ मोल टक्के (वजनाने नव्हे, रेणूंच्या संख्येने), ही काच खूप अभ्यासली गेली आहे, त्यामुळे तुमचे आकडे ताडून पाहायला तुलना मिळते. ८०० ते ८५० अंशांत ती वितळते, साधी मफल फर्नेस (प्रयोगशाळेतली बंद भट्टी) पुरते. फॉस्फेटइतकी ती ओलावाही ओढत नाही. त्यात अर्बियम ऑक्साइड अर्धा मोल टक्का घाला. २० ग्रॅमला ते साधारण ०.२७ ग्रॅम बसेल. सोडियम ऑक्साइड ज्यातून मिळतं ते सोडियम कार्बोनेट आधी २०० अंशांवर वाळवा. शक्य असेल तर झिंक ऑक्साइडचा थोडा भाग झिंक फ्लोराइडने बदला, फ्लोराइड हायड्रॉक्सिलला हायड्रोजन फ्लोराइड वायू करून बाहेर काढतं. तो वायू विषारी आहे आणि टेल्युरियमची पूडही, म्हणून फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) नसेल तर हा मार्ग धरूच नका. ॲल्युमिनाची क्रुसिबल वापरलीत तर थोडं ॲल्युमिना रसात उतरतं, ते अहवालात नोंदवा. प्लॅटिनम किंवा सोन्याची मिळाली तर उत्तम.

रस ओतण्याची वेळ महत्त्वाची. पितळेचा साचा आधी दुसऱ्या भट्टीत ३०० अंशांच्या आसपास तापलेला हवा. रस मधासारखा सावकाश नाही, पाण्यासारखा पातळ येतो, म्हणून हात स्थिर ठेवून एका धारेत ओता, थांबलात तर मध्ये वळ पडतात आणि ते पुढे प्रकाशाला वाकवतात. ओतल्यावर तुकडा त्याच तापमानाला दोन तास ठेवा आणि मिनिटाला एक अंश या गतीने निववा. घाई केली तर तो त्या रात्री नाही, तीन दिवसांनी कापताना फुटेल. दोन पोलरॉइड आडवे-उभे धरून त्यांच्यामध्ये नमुना पाहा. अंधार राहिला तर ताण गेलेला आहे, उजळ पट्टे दिसले तर परत भट्टीत.

आता मोजमाप. ९८० नॅनोमीटरचा छोटा डायोड लेसर, चॉपर (प्रकाश ठरावीक वेळाने अडवणारी फिरती चकती), इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा डिटेक्टर आणि ऑसिलोस्कोप, एवढ्यात १.५ मायक्रॉनच्या पातळीचं आयुष्य मिळतं, कारण ते मिलिसेकंदांत आहे आणि महागडी वेगवान उपकरणं लागत नाहीत. टेल्युराइटमध्ये ३-४ मिलिसेकंदांच्या आसपास अपेक्षा ठेवा. पाच-सहा आलं तर हुरळून जाऊ नका. अर्बियम १.५ मायक्रॉनचा स्वतःचाच प्रकाश पुन्हा शोषतो आणि पुन्हा सोडतो, त्यामुळे जाड तुकड्यात आयुष्य खोटंच लांबतं. त्याच काचेचा अर्ध्या मिलिमीटरचा पातळ काप घ्या, प्रकाश कडेपाशी पाडा आणि पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर तोच खरा. एफटीआयआर या अवरक्त वर्णपटमापकावर ३००० च्या आसपासचा हायड्रॉक्सिलचा खड्डा काढा. वाळवलेल्या आणि न वाळवलेल्या काचेचं आयुष्य त्या खड्ड्याच्या खोलीसमोर मांडलंत, तर तुमचा प्रकल्प बहुतेक छापील निबंधांपेक्षा उपयोगाचा होईल.

डायोड चालू केलात की नमुन्यात हिरवी रेघ उजळलेली दिसेल. पहिल्यांदा पाहताना सगळ्यांनाच आनंद होतो. पण तो हिरवा प्रकाश अवरक्तातून गेलेली ऊर्जा आहे. टेल्युराइटमध्ये फोनॉन लहान, म्हणून ९८० ने चढवलेली वरची पातळी रेंगाळते, तिथून दुसरा फोटॉन आयनाला आणखी वर नेतो आणि तिथून तो हिरवा होऊन पडतो. फॉस्फेटमध्ये उलट: तिथे मोठे फोनॉन ही वरची पातळी चटकन रिकामी करून अर्बियमला नेमकं १.५ मायक्रॉनच्या पातळीवर आणून सोडतात, आणि सोबत घातलेल्या, पंपाचा प्रकाश शोषून अर्बियमला देणाऱ्या इटर्बियमकडे ऊर्जा मागेही जाऊ देत नाहीत. म्हणून अंतर मोजणाऱ्या लेसरमध्ये अर्बियम-इटर्बियमची फॉस्फेट काच वापरतात. जो गुण एका तरंगलांबीला मारक, तोच दुसरीला तारक, हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सोपं आहे.

२.८ मायक्रॉनचं उदाहरण घ्या. तो प्रकाशही अर्बियमच देतो, पण ती दरी फक्त ३६०० ची. सिलिका किंवा फॉस्फेटमध्ये तीन-चार फोनॉन, म्हणजे संपलं. झिर्कोनियम, बेरियम, लँथॅनम, ॲल्युमिनियम आणि सोडियमच्या फ्लोराइडची काच, जिला सगळे झेडब्लॅन म्हणतात, तिच्यात सहा-सात लागतात आणि लेसर चालतो. फ्लोराइड काचांचं हे कुटुंब १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात सापडलं. मात्र ही काच २६० अंशांना मऊ पडते, आणि तिच्या फायबरचं टोक दमट हवेतलं पाणी आत घेतं. २.८ मायक्रॉनला पाणी जबरदस्त शोषतं, टोक तापतं, तापल्यावर आणखी पाणी शिरतं आणि टोक वितळतं. म्हणून टोकाला ॲल्युमिनियम फ्लोराइडच्या काचेची टोपी जोडतात. कॉलेजात हे काम घेऊ नका.

आयन किती घालायचा, यावर एवढंच की जास्त म्हणजे चांगलं नव्हे. शुद्ध सिलिकाची जाळी इतकी घट्ट असते की अर्बियमचे आयन एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, शेजारचे दोन चढलेले आयन भिडतात, एक वर जातो, एक खाली पडतो आणि ऊर्जा वाया जाते. ॲल्युमिनियम सोबत घातलं की आयन पसरतात. त्यामुळेच समुद्राखालच्या केबलमधल्या ॲम्प्लिफायरच्या फायबरमध्ये ते असतंच. मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या ज्या केबलींतून तुमचा हा प्रश्न आणि माझं उत्तर कदाचित फिरून येत असेल, त्यांत ५० ते १०० किलोमीटरवर एक रिपीटर (क्षीण झालेला संदेश वाढवणारा संच) असतो आणि त्यात काही मीटर अर्बियमचं फायबर. फॉस्फेट आणि टेल्युराइटची जाळी सैल, तिथे वजनाच्या टक्क्यांत आयन मावतात.

निओडिमियमचंच करायचं असेल तरी हरकत नाही, फक्त काच फॉस्फेट घ्या. १९६१ मध्ये एलियास स्नित्झरने काचेचा पहिला लेसर केला तो निओडिमियमचाच, आणि आजही सर्वांत मोठ्या लेसरमध्ये तोच आहे. अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत (लेसरने अणुसंमीलन घडवणाऱ्या प्रयोगशाळेत) निओडिमियम घातलेल्या फॉस्फेट काचेचे ३००० हून अधिक स्लॅब आहेत, प्रत्येक ४० किलोंच्या घरात. ५ डिसेंबर २०२२ ला तिथे २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा मिळाली. इतके मोठे स्फटिक वाढवता येत नाहीत, काच ओतता येते. पण काच उष्णता वाहून न्यायला स्फटिकाच्या दहा पट मागे, म्हणून तिथे दोन शॉट्समध्ये तासन् तास थांबतात. फायबरमध्ये हा प्रश्न सुटतो कारण तिथे आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड. थुलियमचं १.९४ मायक्रॉनचं सिलिका फायबर आज मुतखडा फोडायला वापरतात, ते याच जोरावर. त्या तरंगलांबीला पाणी भरपूर शोषतं, म्हणून खड्यावर मारा नेमका होतो आणि खोलवर जात नाही.

शेवटी डायोडबद्दल, आणि हे काम सुरू करण्याआधी वाचा. ९८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही, आणि तो थेट दृष्टिपटलावर केंद्रित होतो. हिरवी रेघ पाहण्याच्या नादात वाकून बघणारी मुलं मी पाहिली आहेत. गॉगलवर ९८० नॅनोमीटरसाठी ऑप्टिकल डेन्सिटी (प्रकाश अडवण्याची क्षमता) ५ किंवा जास्त लिहिलेली पाहिजे. निओडिमियमच्या लेसरसाठीचा १०६४ नॅनोमीटरचा गॉगल ९८० ला चालेलच असं नाही, पट्टी वाचूनच घाला. नमुन्यामागे काळी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची पट्टी उभी करा, चकचकीत स्टँड टेबलावरून काढून ठेवा, घड्याळ आणि बांगड्याही काढा, आणि किरण बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर येणार नाही असा ठेवा.